स्थिती २००, वेळ पाच सेकंद: एका ॲक्सेस लॉगची नव्याने बांधणी

तक्रार मोघम होती. साइट मधूनच अडकते, पुन्हा रिफ्रेश केलं की झटक्यात उघडते. सगळ्यांना नाही आणि रोज त्याच माणसालाही नाही. अशा तक्रारींचा निकाल लागायला दोन गोष्टी हव्यात: प्रत्येक रिक्वेस्टची नोंद (म्हणजेच ॲक्सेस लॉग), आणि त्या नोंदीत कामाची माहिती. इथे पहिली होती, दुसरी नव्हती. ती आणताना सर्व्हरचं काय झालं, मग लॉग कसा बांधला आणि त्यातून काय सापडलं, ते सविस्तर लिहितो. सेवेचं नाव बाजूला ठेवलं आहे आणि आकडे गोल केले आहेत, म्हणजे हिशेब वाचता वाचता ताडून पाहता येईल.

मांडणी अगदी सर्वसाधारण. पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे ॲप्लिकेशनचे दोन सर्व्हर, त्यांना अ आणि ब म्हणू. सरासरी सेकंदाला १,००० रिक्वेस्ट, एन्जिनएक्सचे आठ वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या आठ प्रोसेस. ॲप्लिकेशनच्या टीमकडचे आलेख स्वच्छ होते: उत्तराचा वेळ नेहमीइतका, चुका नाहीत. ॲक्सेस लॉगही स्वच्छ होता. जिथे तिथे २००, म्हणजे ‘सगळं ठीक’ अशी स्थिती.

तो लॉग ‘कंबाइन्ड’ फॉरमॅटमधला होता, म्हणजे काही न सांगता एन्जिनएक्स जो लिहितो तो. क्लायंटचा पत्ता, वापरकर्ता, वेळ, रिक्वेस्टची ओळ, स्थिती, पाठवलेले बाइट, रेफरर (कोणत्या पानावरून आला) आणि युजर एजंट (ब्राउझरची ओळख). याचं मूळ १९९० च्या दशकातल्या एनसीएसए या अमेरिकी संशोधन केंद्राच्या वेब सर्व्हरपर्यंत जातं; तिथला ‘कॉमन लॉग फॉरमॅट’ घेऊन त्याला शेवटचे दोन रकाने जोडले की कंबाइन्ड तयार होतो. कोण आलं आणि काय घेऊन गेलं हे त्यात कळतं. किती वेळ लागला आणि तो कोणी घेतला, याला त्यात रकानाच नाही. वेगाबद्दलच्या प्रश्नाला या लॉगकडून उत्तर मिळणं शक्यच नव्हतं.

मग टीमने अशा वेळी बहुतेक जण करतात तेच केलं. जे मिळेल ते सगळं लिहायला लावलं. प्रत्येक ओळ जेसनमध्ये (नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांत), त्यात येणारे बहुतेक हेडर, कुकीसकट. शिवाय प्रत्येक होस्टची (साइटच्या नावाची) फाइल वेगळी, कारण लॉगच्या पाथमध्येच होस्टचं व्हेरिएबल टाकलेलं. माहिती आली, पण डिस्क भराभर भरू लागली आणि गर्दीच्या वेळी सर्व्हर आधीपेक्षा जड झाला. मूळ अडकण्याला आता लॉगच्या अडकण्याची भर पडली.

खर्च नेमका कुठे होतो

आधी साधा गुणाकार. सेकंदाला १,००० म्हणजे दिवसाला ८ कोटी ६४ लाख ओळी. ओळ ३०० बाइटची असेल तर दिवसाला सुमारे २६ जीबी. नव्या जेसन ओळी ९०० बाइटच्या आसपास जात होत्या, म्हणजे जवळपास ७८ जीबी. एका रकान्याचे दहा बाइटसुद्धा इथे रोजचे ८६ कोटी बाइट होतात. म्हणून ‘असू दे, कधी लागला तर’ म्हणून टाकलेल्या प्रत्येक रकान्याची किंमत विचारायला हवी.

रकाने वाढवल्यामुळे सीपीयूवर मोठा भार येतो असं पुष्कळांना वाटतं. तसं सहसा होत नाही. लॉग फॉरमॅटची ओळ एन्जिनएक्स कॉन्फिगरेशन वाचतानाच तोडून ठेवतो. रिक्वेस्टच्या वेळी फक्त तयार तुकड्यांमध्ये किमती (व्हेरिएबलची मूल्यं) भरायच्या असतात. तारखेची अक्षरंसुद्धा प्रत्येक ओळीसाठी नव्याने बनत नाहीत, ती मेमरीत तयार ठेवलेली असतात. खरा खर्च ओळ किती लांब आहे आणि ती डिस्कपर्यंत कशी जाते, यावर ठरतो.

बफर दिलेला नसेल तर प्रत्येक ओळीमागे एक राइट कॉल जातो. एरवी तो स्वस्त असतो, कारण बाइट आधी कर्नलच्या मेमरीत पडतात. पण डिस्कवर ताण आला आणि कर्नलने लिहिणाऱ्याला थांबवलं, तर तो कॉल अडकतो. एन्जिनएक्सच्या एका वर्करकडे एकाच वेळी शेकडो-हजारो जोडण्या असतात आणि ॲक्सेस लॉग तो वर्कर स्वतःच लिहितो. तो लॉग लिहिण्यात अडकला की त्याच्याकडच्या सगळ्या जोडण्या थांबतात. ज्यांच्या रिक्वेस्टचा त्या ओळीशी काही संबंध नाही, त्याही.

पाथमधल्या व्हेरिएबलने यात भर घातली होती. फाइलचं नाव रिक्वेस्टगणिक बदलू शकत असल्यामुळे एन्जिनएक्स दर ओळीला फाइल उघडतो, लिहितो आणि बंद करतो. एकाच्या जागी तीन कॉल. उघडलेल्या लॉग फाइल धरून ठेवण्यासाठी कॅशची वेगळी सेटिंग आहे, पण ती आपोआप चालू नसते. आणि अशा पाथबरोबर बफर चालतच नाही. होस्ट वेगळे हवे असतील तर होस्ट हा ओळीतला एक रकाना करावा आणि वेगळं करायचं काम नंतर, दुसऱ्या यंत्रावर करावं. इथे तेच केलं.

बफर

फाइलचं नाव ठरावीक झाल्यावर ॲक्सेस लॉगच्या ओळीत बफर ६४ केबी आणि फ्लश ५ सेकंद असं लिहिलं. याचा अर्थ असा की प्रत्येक वर्कर ओळी आपल्या मेमरीत साठवतो आणि पुढची ओळ मावेनाशी झाली, किंवा पाच सेकंद उलटले, किंवा फाइल पुन्हा उघडायची वेळ आली की साठा एकदम लिहितो. ३०० बाइटच्या ओळी धरल्या तर एका बफरमध्ये २१८ बसतात. सेकंदाला हजार राइट कॉल होते, ते पाचाच्या आत आले. मेमरी किती लागली, तर आठ वर्करची मिळून अर्धा एमबी.

याचे तोटे आहेत आणि ते आधीच सगळ्यांना सांगून ठेवावेत. ओळी फाइलमध्ये काटेकोर वेळेच्या क्रमाने येत नाहीत, कारण एका वर्करचा गठ्ठा दुसऱ्याच्या आधी पडतो. टेल ही आज्ञा लावून चालू फाइल पाहत बसणाऱ्याला काही सेकंद उशिरा दिसतं. वर्कर अचानक मेला तर त्याच्या बफरमधल्या ओळी गेल्या. पैशांच्या व्यवहाराची नोंद कोणी ॲक्सेस लॉगवर ठेवत असेल तर ती तिथून आधी हलवायला हवी; ते काम ॲप्लिकेशनच्या डेटाबेसचं आहे. इथे तसं काही नव्हतं, म्हणून हा सौदा निःसंशय फायद्याचा होता.

एन्जिनएक्स लॉग लिहितानाच जीझिपही करू शकतो. ते नाकारलं. दाबायचं काम वर्करच्याच वेळातून होतं आणि चालू फाइल थेट वाचता येत नाही. तेच काम फाइल फिरवल्यावर (जुनी बाजूला ठेवून नवी सुरू केल्यावर) निवांत करता येतं.

रकाने निवडताना

निवड प्रश्नांवरून केली. ‘मधूनच अडकते’ याचा छडा लावायचा तर वेळ कोणाकडे गेला हे ओळीतच दिसायला हवं. त्यासाठी एन्जिनएक्सकडे वेगवेगळी घड्याळं आहेत आणि त्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा लागतो.

रिक्वेस्ट टाइम हा एकूण वेळ: क्लायंटकडून पहिले बाइट वाचल्यापासून शेवटचे बाइट पाठवून लॉग लिहीपर्यंत, मिलिसेकंदांच्या अचूकतेने. क्लायंटचं नेटवर्क संथ असेल, तो मोठी फाइल हळूहळू चढवत असेल, तर तोही वेळ यात येतो. अपस्ट्रीम कनेक्ट टाइम म्हणजे मागच्या सर्व्हरशी जोडणी व्हायला लागलेला वेळ, अपस्ट्रीम हेडर टाइम म्हणजे त्याच्या उत्तराचा हेडर येईपर्यंतचा, आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम पूर्ण उत्तर येईपर्यंतचा. एकूण वेळ मोठा आणि अपस्ट्रीमचा छोटा असेल तर ॲप्लिकेशनला दोष देण्यात अर्थ नाही. वेळ क्लायंटच्या बाजूला गेला आहे. नुसता एकूण वेळ लिहिणाऱ्या लॉगवरून टीमांमध्ये वाद पेटतात, कारण तो आकडा कुणाकडेही बोट दाखवू शकतो.

यांच्याबरोबर अपस्ट्रीमचा पत्ता, अपस्ट्रीमची स्थिती आणि रिक्वेस्ट आयडी घेतले. रिक्वेस्ट आयडी हा एन्जिनएक्सने बनवलेला यादृच्छिक आकडा, सोळा बाइट, हेक्समध्ये बत्तीस अक्षरं. तोच एका हेडरमधून ॲप्लिकेशनला दिला की दोन्हीकडच्या ओळी जुळवता येतात. बत्तीस बाइट महाग आहेत, तरी हा रकाना मी कधीच सोडणार नाही.

काढलेही तितक्याच निर्धाराने. कुकी पहिल्यांदा गेली. सेशनची किल्ली लॉगमध्ये उघडी पडणं म्हणजे लॉग वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हाती वापरकर्त्याचं खातं देणं. तोच धोका रिक्वेस्टच्या ओळीतल्या क्वेरी स्ट्रिंगमध्ये असतो, कारण पासवर्ड बदलण्याच्या लिंकचे टोकन तिथेच येतात. म्हणून पूर्ण ओळीऐवजी मेथड आणि प्रश्नचिन्हाच्या आधीचा पाथ एवढंच घेतलं. हा पाथ ‘मॅप’ या, एका व्हेरिएबलवरून दुसरं बनवणाऱ्या सेटिंगच्या साह्याने मूळ रिक्वेस्ट यूआरआयमधून कापून काढला. नुसतं यूआरआय हे व्हेरिएबल वापरता आलं असतं, पण आतल्या रीराइटनंतर ते बदलतं आणि क्लायंटने खरंच काय मागितलं ते हरवतं. रेफररलाही तीच कात्री लावली. युजर एजंट हा ओळीतला सगळ्यात लांबलचक रकाना. तो रोजच्या लॉगमधून काढून सविस्तर लॉगमध्ये टाकला, त्याबद्दल पुढे येतंच.

जेसन की टॅब

जेसनमध्ये दर ओळीला रकान्यांची नावं पुन्हा येतात. बारा रकाने, नाव आणि खुणा मिळून दहा बाइट धरले, तर दिवसाला दहा जीबीहून जास्त जागा नुसती नावंच खातात. दाबल्यावर हा फरक पुष्कळ कमी होतो, पण लिहिताना ते बाइट वर्करच्या हातून जातातच.

शिवाय टीमचं जेसन मोडकं होतं. एन्जिनएक्सची नेहमीची एस्केप पद्धत अवतरणचिन्ह, उलटी तिरकी रेघ आणि साध्या आस्कीबाहेरचे बाइट यांच्या जागी उलटी रेघ, एक्स आणि हेक्सचे दोन आकडे लिहिते. जेसनला ही खूण मान्य नाही. कुणाच्या युजर एजंटमध्ये एक अवतरणचिन्ह आलं की ती ओळ पार्सर फेकून देतो, आणि हल्ल्याच्या प्रयत्नांमध्ये नेमकी अशीच चिन्हं असतात. जी ओळ सगळ्यात आधी बघायची तीच गायब. १.११.८ या आवृत्तीपासून लॉग फॉरमॅटला एस्केप जेसन असं सांगता येतं, ते सांगायलाच हवं. मग दुसरी अडचण उभी राहते: अपस्ट्रीमचा वेळ नसेल तर त्या पद्धतीत किंमत रिकामी येते, आणि ती अवतरणाशिवाय आकडा म्हणून लिहिली असेल तर कोलन आणि स्वल्पविराम यांच्यामध्ये काहीच उरत नाही. म्हणून अपस्ट्रीमचे सगळे वेळ अवतरणातच ठेवावेत.

रोजच्या लॉगसाठी टॅबने तोडलेली ओळ निवडली. नेहमीची एस्केप पद्धत इथे उपयोगी पडते: टॅब हे नियंत्रक अक्षर असल्यामुळे क्लायंटने मुद्दाम टॅब घुसवला तरी तो हेक्समध्ये लिहिला जातो. विभाजक कधीच किमतीच्या आत सापडत नाही. ऑक या आज्ञेने रकाने तोडायला याहून सोपं काही नाही.

एक स्वल्पविराम

नव्या लॉगमध्ये एकूण वेळ दोन सेकंदांहून जास्त असलेल्या ओळी गाळून काढल्या. त्यातल्या बहुतेक एकाच घडणीच्या होत्या. एक ओळ रकान्यांसकट अशी: स्थिती २००. एकूण वेळ ५.०८६. अपस्ट्रीमचा पत्ता ‘ब, अ’. अपस्ट्रीमची स्थिती ‘५०४, २००’. कनेक्ट टाइम ‘-, ०.००१’. रिस्पॉन्स टाइम ‘५.००१, ०.०८४’.

एका रिक्वेस्टसाठी एन्जिनएक्स एकाहून जास्त सर्व्हरकडे गेला तर अपस्ट्रीमच्या रकान्यांत किमती स्वल्पविरामाने जोडून येतात. ही ओळ सगळी कथा सांगते. आधी ब कडे गेलो. कनेक्ट टाइमच्या जागी रेघ, म्हणजे जोडणीच झाली नाही. पाच सेकंदांनी आपली मुदत संपली, ती ५०४ म्हणून नोंदली. मग अ कडे गेलो, त्याने ८४ मिलिसेकंदांत उत्तर दिलं. क्लायंटला २०० मिळाला, पाच सेकंद उशिरा. याच काळात ४९९ च्याही ओळी होत्या: दोन-तीन सेकंद थांबून ज्यांनी पान सोडलं किंवा रिफ्रेश केलं, ते हे लोक.

ॲप्लिकेशनचे आलेख स्वच्छ का होते हेही इथेच उलगडतं. ब पर्यंत रिक्वेस्ट पोचतच नव्हती, मग त्याच्याकडे नोंद कुठून असणार? आलेख दोन्ही सर्व्हरची बेरीज दाखवत होता आणि अ एकटाच सगळा भार पेलत होता. ब च्या यंत्रावर नेटवर्कचा एक नियम बदलला गेला होता आणि पुढच्या सर्व्हरकडून येणारी पॅकेट तो गुपचूप टाकून देत होता. त्याने जोडणी नाकारली असती तर एन्जिनएक्सला लगेच कळलं असतं आणि मिलिसेकंदांत काम अ कडे गेलं असतं. गप्प राहिल्यामुळे पूर्ण मुदत वाट पाहावी लागत होती. ती इथे पाच सेकंदांवर आणलेली होती हे नशीब. न सांगितल्यास कनेक्टची मुदत ६० सेकंद असते.

आणि ‘मधूनच’ का? एन्जिनएक्स सहसा एका अपयशानंतर त्या सर्व्हरला दहा सेकंद बाजूला ठेवतो. मग एक खरीखुरी रिक्वेस्ट त्याच्याकडे पाठवून पाहतो. ती पाच सेकंद अडकते, पुन्हा दहा सेकंद विश्रांती. म्हणजे साधारण पंधरा सेकंदांनी एक बळी, आणि सर्व्हरांची स्थिती वर्करांमध्ये वाटून घेणारी झोनची सेटिंग नसल्यामुळे प्रत्येक वर्करचं हे चक्र स्वतंत्र. आठ वर्करचे मिनिटाला बत्तीसच्या आसपास. मिनिटाला साठ हजार रिक्वेस्टमध्ये हे प्रमाण ०.०५ टक्क्याच्या जरा वर. सरासरीत दिसणार नाही, ९९ व्या शतमकात (शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत होतात तो आकडा) नाही, ९९.९ मध्येसुद्धा नाही. त्या बत्तीस माणसांना मात्र साइट बंद पडल्यासारखीच वाटते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: शतमकांवर विसंबणाऱ्या देखरेखीत अशी माणसं कधीच दिसत नाहीत, ती फक्त ओळींत दिसतात.

एक दिलासा होता. जोडणीच न झाल्यामुळे रिक्वेस्ट ब ला पाठवलीच गेली नव्हती, म्हणून पोस्ट रिक्वेस्टही बिनधोक अ कडे गेल्या; काही दोनदा नोंदलं गेलं नाही.

ब चा नियम दुरुस्त झाला. अपस्ट्रीमला झोन दिला, कनेक्टची मुदत एका सेकंदावर आणली. आणि अपस्ट्रीमच्या स्थितीत स्वल्पविराम असलेल्या ओळी मिनिटाला किती, हा आकडा देखरेखीत टाकला.

दोन लॉग, दोन कामं

जागा वाचवण्यासाठी शंभरात एक ओळच लिहावी, असा प्रस्ताव मध्येच आला होता. तसं केलं असतं तर मिनिटाच्या बत्तीस ओळींतली तीन मिनिटांत जेमतेम एक उरली असती आणि ती योगायोगाची वाटली असती. नमुना काढायला हरकत नाही, पण तो फक्त निरोगी ओळींचा.

शेवटी एकाच पातळीवर दोन ॲक्सेस लॉग ठेवले. पहिला बारीक, टॅबचा, सगळ्या रिक्वेस्टसाठी. दुसरा सविस्तर, जेसनमध्ये, युजर एजंट आणि कापलेल्या रेफररसकट, पण अटीवर. अट मॅपने बनवली: स्थिती ४०० किंवा वर, किंवा अपस्ट्रीमच्या स्थितीत स्वल्पविराम, किंवा एकूण वेळ अर्ध्या सेकंदाहून जास्त, तर ओळ नक्की लिहायची. बाकीच्यांतून रिक्वेस्ट आयडीवरून स्प्लिट क्लायंट्स या सेटिंगने एक टक्का निवडायचा, आणि ओळ नमुन्यातली आहे की नक्कीची हे ओळीतच लिहायचं, म्हणजे मोजताना शंभराने गुणायचं की नाही ते कळतं. हेल्थ चेकच्या पाथसाठी लॉग बंद केला.

इथे वारशाचा एक नियम सांभाळावा लागतो. एखाद्या लोकेशनमध्ये (ठरावीक पाथसाठीच्या सेटिंगच्या भागात) स्वतःचा ॲक्सेस लॉग लिहिला की वरच्या पातळीवरचे सगळे तिथे लागू होत नाहीत. तिथे एक जोडायचा म्हणजे हवे ते सगळे पुन्हा लिहायचे.

फाइल फिरवणं लॉगरोटेट या साधनाकडे. नाव बदललं तरी एन्जिनएक्स उघडलेल्या जुन्या फाइलमध्येच लिहीत राहतो, म्हणून नंतर त्याच्या मास्टर प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल द्यायचा. तेव्हा बफरमधलं उरलेलं जुन्या फाइलमध्ये पडतं आणि नवी उघडते. त्यामुळे जुनी फाइल लगेच दाबायची नाही, पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं. प्रत काढून मूळ फाइल रिकामी करण्याचा पर्याय सोपा दिसतो, पण प्रत आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणातल्या ओळी जातात.

अपाची हा दुसरा वेब सर्व्हर वापरणाऱ्यांना यातलं बरंच तसंच लागू होतं. तिथे लॉग फॉरमॅटमधला टक्का-डी मायक्रोसेकंदांत वेळ देतो, बफर्ड लॉग्ज ही सेटिंग ओळी साठवून लिहिते, आणि होस्टनेम लुकअप बंदच असू द्यावं, नाहीतर दर रिक्वेस्टमागे डीएनएसची वाट पाहावी लागते.

फॉरमॅटच्या पहिल्या रकान्यात आवृत्तीचा एक आकडा ठेवला आहे, सध्या २. नवा रकाना आला तर तो ओळीच्या शेवटी जोडायचा आणि आकडा वाढवायचा; मधला रकाना काढायचा असेल तर त्याच्या जागी रेघ लिहीत राहायचं, म्हणजे जुन्या स्क्रिप्टमधला सातवा रकाना सातवाच राहतो.